थोडंसं टोचेल हं!

'काका, थोडंसं टोचेल हं,' असं डेंटिस्ट म्हणाले की शहाण्या माणसाने खुर्चीचे हात घट्ट धरावेत. 'थोडंसं' त्यांचं असतं, हिरडी आपली.

हिरड्या तपासायच्या सळईवर मिलिमीटरच्या खुणा असतात आणि टोक जेमतेम अर्धा मिलिमीटर. ते दात आणि हिरडीच्या फटीत सरकवायचं आणि खोली वाचायची. तीनपर्यंत ठीक, चारपासून पुढे हिरडीने दाताशी काडीमोड घ्यायला सुरुवात केली असं समजायचं. एका दाताला सहा जागा, तीन गालाकडून, तीन जिभेकडून. बत्तीसच्या बत्तीस शाबूत असतील तर 192 वेळा! हा गुणाकार मी आडवा पडून, डोळ्यांवर दिवा घेऊन केला. बोळक्या तोंडाच्या माणसाचा एवढा हेवा मला कधी वाटला नव्हता.

मॅडम आकडे सांगत होत्या, असिस्टंट मुलगी लिहून घेत होती. 'तीन, दोन, तीन. चार, तीन, पाच. ब्लीडिंग.' हे 'ब्लीडिंग' त्यांनी किराणा यादीत 'हिंग, एक डबी' म्हणावं इतक्या निर्विकारपणे म्हटलं.

पुढचे दात तसे निभावले. मग स्वारी उजवीकडच्या वरच्या दाढेमागे वळली. तिथली हिरडी आधीच सुजलेली. सुजलेल्या हिरडीत सळई जास्त खोल जाते आणि दुखतंही जास्त. म्हणजे आधीच मार खाल्लेल्याला आणखी दोन. कळ थेट कानापर्यंत गेली. पायाची बोटं मोज्यात आवळली गेली, पण ती मॅडमना कुठून दिसणार?

'दुखतंय का काका?'

तोंडात आरसा, कापसाचा बोळा आणि लाळ ओढणारी नळी. मी म्हणालो, 'आँ-हाँ-आँ.' याचा अर्थ 'प्रचंड' असा होता.

'व्हेरी गुड,' त्या म्हणाल्या.

दोष त्यांना तरी कसा द्यायचा? खोली मोजायला सळई आहे, दुखणं मोजायला फक्त पेशंटची हालचाल. हलला तर दुखलं, नाही हलला तर नाही. आता सळई हिरडीत असताना हलणार कोण? शिवाय आमची पिढी 'डॉक्टरकाकांसमोर रडायचं नाही' या तालमीत वाढलेली. आम्ही डोळ्यांतून पाणी काढतो, तेसुद्धा दिव्यामुळे आलं असं भासवून. त्यामुळे मॅडमच्या लेखी मी 'एकदम कोऑपरेटिव्ह' पेशंट.

चूळ भरून झाल्यावर वाचा परत आली. जोर किती लावता, असं विचारलं. 'फार नाही हो, वीस-पंचवीस ग्रॅम. अंदाज यावा म्हणून टोक नखाखाली दाबून बघतात. दुखलं नाही तर जोर बरोबर.'

'कोणाच्या नखाखाली?'

'आपल्याच.'

'मग हिरडी माझी का?'

मॅडम हसल्या. मास्क काढल्यावर पहिल्यांदाच त्यांचे दात दिसले. दृष्ट लागावी असे. मी विचारलं, तुमच्या हिरड्या कोण तपासतं?

'मैत्रीण आहे ना डेंटिस्ट. पण मी तिला आधीच सांगते, बधिर करायचं जेल लावल्याशिवाय हात लावायचा नाही.'

'जेल असतं?'

'असतं की! त्या ड्रॉवरमध्येच आहे.'

'मग मला का नाही लावलंत?'

'अहो काका, तुम्हाला कुठे दुखत होतं?'