सोळा टन खाणारा पाहुणा

गेल्या रविवारी भर दुपारी मी एका शेतकऱ्याचा सोळा टन अडतीस किलो ऊस खाल्ला. हा आरोप पंधरा-वीस माणसांसमोर, ट्रॅक्टरवरच्या स्पीकरमधले गाणे मुद्दाम बंद करून झाला, आणि आरोप करणाऱ्याची वजाबाकी किलोपर्यंत बरोबर होती, हे मला अजूनही जास्त लागते.

कराड–विटा रस्त्यावर माझ्या मामेभावाचा वजनकाटा आहे. ऐन गळिताच्या हंगामात त्याचा जुना संगणक धापा टाकू लागला. काटा बसवून देणाऱ्याने नव्या संगणकावर प्रोग्राम टाकून देण्याचे अठरा हजार सांगितले, तेही आठ दिवसांनी. मामेभावाने मला फोन केला : “दादा, तू कॉम्प्युटरमध्येच आहेस ना?” या प्रश्नाला ‘नाही’ म्हणता येत नाही आणि ‘होय’ म्हटले की पैसे मागता येत नाहीत. मी पुण्यात एका कचेरीत बसून पायथन या संगणकभाषेत हिशेबाचे प्रोग्राम लिहितो. जुनी यंत्रे संगणकाला जोडण्याचे जे तोंड असते, त्या सिरियल पोर्टचा आणि माझा शेवटचा संबंध कॉलेजच्या प्रयोगशाळेत आला होता. तरीही मी फोनवर “अर्ध्या तासाचं काम आहे” असे बोलून गेलो, आणि हे वाक्य मी तिथे पोहोचण्याआधीच सगळ्या रांगेला पाठ झाले होते.

काम खरोखर सोपे दिसत होते. काट्याच्या प्लॅटफॉर्मखालचे लोडसेल वजन घेतात, केबिनमधला इंडिकेटर ते लाल आकड्यांत दाखवतो आणि तोच आकडा एका वायरीवरून अक्षराअक्षराने संगणकाकडे पाठवत राहतो. ही पाठवण्याची आरएस-२३२ नावाची पद्धत अमेरिकेत १९६० साली ठरली, म्हणजे ती माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांप्रमाणे ती जुमानतही कोणाला नाही. तिचे नऊ पिनांचे तोंड आजच्या लॅपटॉपला नसते, म्हणून मी यूएसबीचा कन्व्हर्टर विकत नेला होता. तो लावला, प्रोग्राम लिहायला घेतला, आणि तात्या केबिनमध्ये आले.

तात्यांच्या रानात ऊसतोड चालू होती आणि त्यांचा ट्रॅक्टर भरून यायला अजून दोन तास होते. ते दोन तास त्यांनी माझ्यासाठी काढले. टोपी नीट केली, प्लॅस्टिकची खुर्ची ओढून माझ्या उजव्या खांद्यामागे मांडली आणि माझ्याऐवजी मामेभावाला विचारले, “ह्येच का पुण्याचं?”

“होय तात्या. आत्तीचा मुलगा.”

“मग पावणं, ह्यात किती खातंय?”

मला वाटले ते विजेबद्दल विचारत आहेत. ते वजनाबद्दल विचारत होते. ‘काटा मारणे’, म्हणजे वजनात चोरी करणे, हा शब्दप्रयोग आमच्याकडच्या ऊसपट्ट्यात शिकवावा लागत नाही. कारखान्याच्या गव्हाणीकडे जाण्याआधी बाहेरच्या काट्यावर पदरचे पैसे घालून वजन करून घेणारी जी माणसे आहेत, त्यांच्याच जिवावर माझ्या मामेभावाचा धंदा चालतो. संशय हेच त्या धंद्याचे भांडवल आहे. तेव्हा मी तात्यांना आदरपूर्वक समजावले की वजन काटा करतो, इंडिकेटरची दरवर्षी वैधमापनशास्त्र विभागाकडून पडताळणी होते, आणि माझा प्रोग्राम फक्त तो आकडा वाचून पावतीवर छापणार आहे.

“नुसतं वाचतूय?”

“नुसतं वाचतो.”

“ती लाल अक्षरं मला हितनं दिसत्यात. मी चौथी शिकलोय, तरी वाचतूय.” त्यांनी थोडा वेळ जाऊ दिला. “मग तुमी येवडं शिकून काय करताय?”

याला उत्तर देणे मी टाळले, कारण त्याच क्षणी पडद्यावर तांबडी ओळ उमटली की ‘सिरियल’ या मॉड्यूलमध्ये ‘सिरियल’ नावाचे काही नाही. पायथनमध्ये यासाठी पायसिरियल नावाचे पॅकेज, म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला तयार प्रोग्राम, घ्यायचे आणि वापरताना मात्र त्याला नुसते सिरियल म्हणायचे, अशी रीत आहे. सिरियल याच नावाचे दुसरे एक पॅकेजही आहे, ज्याचा पोर्टशी काडीचा संबंध नाही. ते नजरचुकीने घेतले गेले असावे म्हणून मी मोबाइलच्या इंटरनेटवर काढून टाकले, पुन्हा घातले, पुन्हा काढले. वीस मिनिटांनी लक्षात आले की मी स्वतःच्याच फाइलचे नाव सिरियल ठेवले होते आणि पायथन इमानदारीने तिच्यातच पोर्ट शोधत होता. ही चूक पहिल्या आठवड्यातल्या विद्यार्थ्याची आहे. मी ती कोणाला सांगितली नाही, पण माझ्या तोंडून जो उद्गार निघाला त्यावरून तात्यांना अंदाज आला असावा, कारण त्यांनी मामेभावासाठी नव्हे तर माझ्यासाठी चहा मागवला.

पुढची तक्रार परवानगी नाकारल्याची. सिरियल पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळतो, आणि कन्व्हर्टर चालतो का हे पाहण्यासाठी मी आल्याआल्या उघडलेला एक तपासणीचा प्रोग्राम खिडकी लहान करून मागे तसाच बसला होता. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तसा. तो उठवला. मग मोबाइल चार्जिंगला लावण्यासाठी मामेभावाने कन्व्हर्टर काढून शेजारच्या भोकात घातला, आणि विंडोजने त्याला नवा पाहुणा समजून कॉम-३ ऐवजी कॉम-७ असा क्रमांक दिला; माझा प्रोग्राम कॉम-३ च शोधत राहिला. यावर मी जे बोललो ते मामीच्या कानावर जाणार नाही अशी आशा आहे.

पोर्ट उघडला, तरी वजन येईना. प्रोग्राम नुसता बसून होता. पायसिरियलला किती वेळ वाट पाहायची हे सांगितले नाही तर तो जन्मभर वाट पाहतो, म्हणून मी एक सेकंदाची मर्यादा घातली. आता तो दर सेकंदाला रिकाम्या हाताने परत येऊ लागला. दोष कन्व्हर्टरचा की वायरीचा, हे ठरवण्याचा एक खात्रीचा उपाय आहे. नऊ पिनांपैकी दुसरी ऐकण्याची आणि तिसरी बोलण्याची असते. या दोन्ही एकमेकींना जोडायच्या आणि संगणकावरून काहीतरी पाठवायचे. तेच परत आले तर कन्व्हर्टर निर्दोष. मी पावतीबुकातली स्टेपलरची पिन उपसून सरळ केली, दोन्ही बोटांनी त्या दोन पिनांवर दाबून धरली आणि मोकळ्या अंगठ्याने कळ दाबली. पडद्यावर ‘हॅलो’ उमटले. मला आनंद झाला आणि मी आणखी चार-पाच वेळा हॅलो पाठवले.

“कुनाला हाका मारताय?” तात्यांनी विचारले.

“मलाच.”

“आन् ओ कोन देतंय?”

“मीच देतोय. म्हणजे मी बोललेलं मलाच ऐकू येतंय का, ते बघतोय.”

तात्या बराच वेळ माझ्या चिमटीतल्या त्या पिनेकडे पाहत राहिले. मग मामेभावाकडे वळून अतिशय हळुवार आवाजात म्हणाले, “ऱ्हाऊ दे त्येला आता. उनाचं आलंय.”

म्हणजे दोष वायरीत होता. ती तिसरीला तिसरी आणि दुसरीला दुसरी अशी सरळ जोडलेली निघाली. संगणक आणि इंडिकेटर दोघेही एकाच तारेवर बोलत होते आणि ऐकण्याच्या तारेवर सामसूम होती. समोरच्या मोटार रिवाइंडिंगवाल्याने दोन तारांची अदलाबदल करून डाग दिले आणि वीस रुपये घेतले. त्या दिवशी संगणकाच्या कामाचे पैसे मिळालेला तो एकटाच माणूस.

आता अक्षरे येऊ लागली, पण ती प्रश्नचिन्हे, चौकोन आणि कोणत्याच लिपीत न बसणाऱ्या खुणा अशी. हे वेगाचे भांडण. दोन्ही बाजूंचा वेग जुळला नाही तर एकेक ठोका चार-चार वेळा मोजला जातो आणि सगळ्याचा काला होतो. या वेगाचे बॉड हे माप एमिल बोदो या फ्रेंच तारयंत्र अभियंत्याच्या नावावरून आले. त्याने आपल्या तारयंत्राचे पेटंट १८७४ साली घेतले. दीडशे वर्षे उलटली, पण कोणता वेग ठेवला आहे ते यंत्राच्या पाठीवर दोन अक्षरांत लिहून ठेवावे, हे अजून कोणाला सुचलेले नाही. माहितीपुस्तिका नव्हती. काटा बसवणाऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, “ती आमची आतली माहिती असते, साहेब.” म्हणजे आमचाच काटा आमच्याशी कोणत्या वेगाने बोलतो, ही अठरा हजारांची गुप्त गोष्ट होती. ९६०० लावून पाहिले, ४८०० लावून पाहिले, आणि २४०० ला पडदा एकदम निवळला : बरोबरचे चिन्ह आणि पाच शून्ये, पुन्हा बरोबरचे चिन्ह आणि पाच शून्ये. हे यंत्र ओळ संपल्याची खूणच पाठवत नव्हते, म्हणून ओळ वाचण्याऐवजी पुढच्या बरोबरच्या चिन्हापर्यंत वाचायला सांगितले. काटा रिकामा, पडद्यावर शून्य. मी विजयाने हात वर केले.

पण मी काही हलगर्जी माणूस नाही. मी मामेभावाला, चहा घेऊन आलेल्या मुलाला आणि तात्यांना काट्यावर नेऊन उभे केले. इंडिकेटरवर २००, माझ्या पडद्यावर ००२००. तात्यांनी तिथूनच ओरडून विचारले, “ह्यात माजं किती?” मी सांगितले की ते वेगळे काढता येणार नाही. “मग काय उपेग!” असे म्हणून ते सावलीत गेले. दोन वेळा तपासले, दोन्ही वेळा बरोबर. यापेक्षा माणूस आणखी काय करतो?

पहिली गाडी भंगाराच्या टेम्पोची आली. पावती छापली गेली, चालकाने ती पाहिली, पुन्हा एकदा पाहिली, घडी करून वरच्या खिशात घातली आणि एक अक्षरही न बोलता निघून गेला. त्या शांततेचा मला तेव्हा अर्थ कळला नाही. मागोमाग दोन ट्रॉल्यांचा तात्यांचा ट्रॅक्टर काट्यावर चढला. मी छापण्याची कळ दाबली, पावती बाहेर आली आणि तात्यांनी ती डोळ्यांपासून हातभर लांब धरून वाचली. मग त्यांनी मान वर करून भिंतीवरचे लाल आकडे वाचले. मग पुन्हा पावती. मग दारात जाऊन ड्रायव्हरला म्हणाले, “गाणं बंद कर.”

इंडिकेटरवर २४,१८० होते. पावतीवर ८,१४२.

“मंडळी,” तात्या बाहेर रांगेला म्हणाले, “हे पावणं अर्ध्या तासाचं काम सांगून आलं. दोन तास बसलं. आमचा च्या पिलं. आन् सोळा टन अडतीस किलो खाल्लं.” टनाला तीन हजार धरले तरी ते अठ्ठेचाळीस हजार रुपये होतात, हा हिशेब रांगेतल्या एका पोराने मोबाइल न काढता केला.

तुम्ही आकडे उलटे वाचून पाहा. त्या यंत्राला वजन शेपटाकडून पाठवण्याची खोड होती : एककाचा अंक आधी, दशसहस्राचा शेवटी. शून्य कोणत्याही बाजूने वाचले तरी शून्यच असते. आणि तीन माणसांचे वजन मिळून नेमके दोनशे भरावे, म्हणजे शून्य शून्य दोन शून्य शून्य, हा योग माझ्या पत्रिकेत कोणी लिहिला ते मला माहीत नाही. चहावाल्या मुलाने सकाळी एक वडापाव जास्त खाल्ला असता आणि आकडा २१० झाला असता, तर पडद्यावर एक टन दोनशे किलो दिसले असते आणि मी वाचलो असतो.

दुरुस्तीला अर्धे मिनिट लागले. चौकोनी कंसात दोन अपूर्णविराम आणि उणे एक, एवढे लिहिले की पायथन अक्षरे उलटी करतो. मी पावती पुन्हा छापली, २४,१८० आले, मी ती तात्यांपुढे धरली. ते हात मागे बांधून उभे होते. “आत्ता आठ हुतं,” ते म्हणाले, “आता चोवीस झालं. मधी तुमी नुसतं बोट लावलं.” आणि मामेभावाला म्हणाले, “मला हातानं लिवून दे.”

खरे सांगायचे तर यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. नुसते वाचतो, असे मीच दोन तास सांगत होतो. मामेभावाने मुकाट्याने कार्बन घालून पावती लिहिली. मागच्या सगळ्या गाड्यांनाही हातानेच लिहिलेली हवी होती. भंगाराच्या टेम्पोचे वजन ६,१९० होते आणि तो ९,१६० ची पावती घेऊन गेला होता. त्याला आम्ही सहा वेळा फोन केला, त्याने एकदाही उचलला नाही. त्याच्याबद्दल रांगेत कोणी काही बोलले नाही. मी मात्र जेवायला बसलो तेव्हा मामी वाढताना म्हणाली, “अजून घ्या, सोळा टनात काय होतंय!”

काल मामेभावाचा फोन आला. प्रोग्राम सुरळीत चालला आहे. तात्या पुढची खेप घेऊन आले होते, दारातच थांबून त्यांनी विचारले, “पावणं हायेत का गेलं?” गेले, म्हणून सांगितल्यावर आत आले, लाल आकडे आणि पडदा एकदा ताडून पाहिला, आणि कॉम्प्युटरची पावती घेऊन गेले.