पेन्शन एका देशाची, महागाई दुसऱ्या देशाची

गावाकडच्या ग्रुपवर परवा कुणीतरी लिहिलं, "कॅनडा-अमेरिकेत राहून म्हातारी माणसं महागाईचं रडगाणं गायलेत, एवढंच होतं तर गेले कशाला?" आणि खाली धडाधड हसायचे इमोजी. मला वाचून राग आला, खरंच आला. ग्रुपवर भांडण नको म्हणून तिथं काही बोललो नाही, पण विषय डोक्यातून जाईना म्हणून इथं सविस्तर लिहायलो. मी बँकेत होतो, लातूरला बरीच वर्षं पेन्शनच्या काउंटरला बसलोय, नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी काठी टेकत येणारी माणसं बघितलीत, त्यामुळं रिटायर माणसाच्या पैशावर कुणी हसलं की मला सहन होत नाही, मग तो माणूस औशात राहो नाहीतर कॅनडातल्या ब्रॅम्प्टनला.

माझं म्हणणं सरळ आहे. रिटायर माणसाच्या बाबतीत महागाई किती झाली हे नंतर बघा, आधी त्याची पेन्शन कोणत्या देशाच्या महागाईला बांधलेली आहे आणि तो जेवतो कोणत्या देशात हे बघा. दोन्ही एकाच देशात असलं तर कसंबसं भागतं. वेगवेगळ्या देशात असलं की माणूस एकतर मजेत राहतो नाहीतर दरवर्षी थोडा थोडा खाली जातो, आणि त्यात त्याच्या हुशारीचा किंवा उधळपट्टीचा काहीच संबंध नसतो.

आमच्या दादाचं घ्या. औसा तालुक्यात झेडपीच्या शाळेत मुख्याध्यापक म्हणून रिटायर झाला. मुलगा कॅनडात, नातवंडं लहान, म्हणून दादा-वहिनी सुपर व्हिसावर तिकडं. तिथं राहणाऱ्यांच्या आईवडील-आजीआजोबांसाठीचा हा व्हिसा कॅनडानं २०११ च्या शेवटी सुरू केला, २०२२ पासून एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. दादाची पेन्शन लातूरच्या बँकेत रुपयात जमा होते. महागाई भत्ता वाढला की इकडं सगळे पेन्शनर खूश, दादा पण खूश व्हायचा. पण तो भत्ता ठरतो आपल्या देशातल्या औद्योगिक कामगारांच्या किंमत निर्देशांकावर. म्हणजे इथं तूर डाळ, गॅस, भाडं, कपडे महाग झाले की दादाचा भत्ता वाढणार, ब्रॅम्प्टनमध्ये काय महाग झालं त्याचा त्या भत्त्याशी काय संबंध? २०२२ च्या जूनमध्ये कॅनडाची महागाई ८.१ टक्क्यांवर गेली होती, चाळीसेक वर्षांत तिथं एवढी झाली नव्हती. त्यात तिथला डॉलर साठ रुपयांच्या वर. इथं चांगली वाटणारी मुख्याध्यापकाची पेन्शन तिकडं नेली की महिन्याचा भाजीपाला-किराणा आणि थोडा वरखर्च, संपली.

गेल्या वर्षी मी तिकडं जाऊन आलो तेव्हा देशी किराणा दुकानात दादाबरोबर गेलो होतो. दादानं मेथीची जुडी उचलली, खालची देठं बघितली, वरची दराची पाटी वाचली, ओठातल्या ओठात बासष्टनं गुणलं आणि जुडी परत जागेवर ठेवली. नीट ठेवली, पानं सरळ करून. पुतण्या मागून म्हणाला, "बाबा घ्या ना, किती वेळा सांगितलं गुणाकार करू नका." दादा शांतपणे म्हणाला, "तू नको गुणू बाबा, तुझा पगार इथला हाय. माझी पेन्शन तिथली हाय, मला गुणावंच लागतंय." पुतण्या गप्प बसला. त्यानं मेथी घेतली, पण त्या मेथीनं दादाचा प्रश्न सुटत नाही ना. बत्तीस वर्षं नोकरी केलेला माणूस, कुणाकडं हात पसरला नाही, आणि आता मेथी पण मुलाच्या कार्डावर. इकडं लोकांना वाटतं मुलगा कमावतोय मग काय टेन्शन. टेन्शन तेच आहे!

आणि भाजी ही तर किरकोळ गोष्ट, खरी भीती दवाखान्याची. सुपर व्हिसाला किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचं आरोग्य विमा कवच लागतं, कारण व्हिजिटर म्हणून गेलेल्या माणसाला तिथली सरकारी आरोग्य योजना लागू होत नाही. वय वाढलं की प्रीमियम वाढतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण बऱ्याच पॉलिसीत एक क्लॉज असतो तो लोक वाचत नाहीत. आधीपासूनचा आजार, म्हणजे बीपी, शुगर वगैरे, ठराविक दिवस "स्टेबल" असला पाहिजे, कुठं नव्वद दिवस, कुठं एकशे ऐंशी. स्टेबल म्हणजे काय तर त्या काळात गोळी बदललेली चालत नाही, डोस कमी-जास्त केलेला पण बऱ्याच वेळा चालत नाही. म्हणजे डॉक्टरनं तुमच्या भल्यासाठी बीपीची गोळी बदलली तरी विम्याच्या हिशोबात तुम्ही अस्थिर. याचा परिणाम काय होतो माहितीय का, म्हातारी माणसं तिकडं जायच्या आधी दोन-चार महिने डॉक्टरकडं जायचं टाळायलेत! वहिनीनं हेच केलं. आणि तिकडं गेल्यावर दाढ दुखायली तर दातांचा खर्च ऐकून लवंग धरून काढले दिवस, लातूरला आल्यावर ट्रीटमेंट घेतली. मला सांगा, यात हसण्यासारखं काय आहे.

आता ब्रिटनची गोष्ट ऐका, ही आपल्याकडं फार कमी लोकांना माहिती आहे. ब्रिटनमध्ये सरकारी स्टेट पेन्शन दरवर्षी वाढते, महागाई, पगारवाढ आणि अडीच टक्के यातलं जे जास्त असेल तेवढी. एप्रिल २०२३ ला १०.१ टक्के वाढली, पुढच्या वर्षी ८.५. पण हा पेन्शनर जर कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, थायलंड किंवा आपल्या भारतात राहत असेल तर पेन्शन गोठते. तिकडं राहायला गेल्यावर जेवढी होती तेवढीच, मरेपर्यंत. तोच माणूस अमेरिकेत राहिला तर वाढते, बॉर्डर ओलांडून कॅनडात गेला की बंद. फिलिपिन्समध्ये वाढते, थायलंडमध्ये नाही. कारण काय तर त्या त्या देशाशी जुना करार आहे की नाही. २००० साली आठवड्याला साडेसदुसष्ट पौंड बेसिक पेन्शन घेऊन जो भारतात आला त्याला आज पण साडेसदुसष्टच, आणि ब्रिटनमध्ये राहिलेल्याला तीच पेन्शन २०२५ ला १७६ पौंडाच्या वर गेलेली. चार लाखांहून जास्त माणसं यात अडकलीत. लोक कोर्टात गेले, २०१० मध्ये युरोपच्या मानवाधिकार कोर्टानं पण सरकारच्याच बाजूनं निकाल दिला. कॅनडात राहणाऱ्या ॲन पकरिज नावाच्या बाई, दुसऱ्या महायुद्धात सैन्यात काम केलेल्या, त्यांची पेन्शन २००१ पासून साडेबहात्तर पौंडावर, त्या शंभरीला टेकलेल्या असताना डिसेंबर २०२४ मध्ये लंडनला जाऊन यासाठी भांडल्या.

आमच्या ओळखीत अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला शिकलेले एक डॉक्टर आहेत, इंग्लंडात नोकरी करून आता परत आलेत. त्यांची एनएचएसची, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य सेवेतल्या नोकरीची पेन्शन इथं पण वाढते, स्टेट पेन्शन मात्र आले त्या वर्षीच्या आकड्यावर थांबलेली. त्यांचं बरं चाललंय कारण नोकरीची पेन्शन मोठी आहे. ज्याच्याकडं फक्त स्टेट पेन्शन असेल त्यानं काय करायचं?

यातूनच परदेशात राहणाऱ्या रिटायर लोकांचा तो एक ठराविक सूर निघतो, "हा देश आता पूर्वीसारखा स्वस्त राहिला नाही." थायलंडमधले ब्रिटिश म्हातारे तर कायम हेच म्हणत असतात. तिथं पन्नाशीनंतर रिटायरमेंटचा व्हिसा मिळतो, बँकेत आठ लाख बाट ठेवा किंवा महिन्याला पासष्ट हजार बाट उत्पन्न दाखवा. आता गंमत बघा, २०२४ मध्ये थायलंडची महागाई वर्षभराची सरासरी अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी होती! म्हणजे त्या वर्षी बाजार जवळपास जागेवरच होता. मग यांना महाग का वाटतंय? कारण २०१६ ला ब्रेक्झिटचं, म्हणजे ब्रिटननं युरोपियन युनियन सोडायचं मतदान झालं आणि पौंड पडला, आणि वर पेन्शन गोठलेली. खाली गेलेत ते यांचे पौंड, पण दोष दिला जातो बँकॉकच्या भाजीवाल्या बाईला. त्यांचं दुःख खरंच आहे, मी खोटं म्हणत नाही, फक्त बोट चुकीच्या ठिकाणी दाखवलं जातंय.

याच्या उलट अमेरिकन पेन्शनर. त्यांची सोशल सिक्युरिटी, म्हणजे तिथली सरकारी पेन्शन, अमेरिकेतल्या महागाईप्रमाणं वाढते, २०२३ ला तर ८.७ टक्के वाढली, आणि अमेरिकन नागरिक संभाजीनगरला येऊन राहिला तरी त्याला ती वाढ मिळते. वरून रुपया घसरला की आणखी फायदा, २०११ ला अमेरिकन डॉलर पंचेचाळीसच्या आसपास होता, आता पंच्याऐंशीच्या वर. असा माणूस म्हणणार, "इंडिया इज सो चीप". तो पण चुकीचा नाही, पण त्यानं आपल्या शहाणपणाचं कौतुक सांगत फिरू नये. आणि त्याच्या खिशातल्या डॉलरनं शेजारच्याचं भाडं वाढतं हे पण त्यानं बघावं. पोर्तुगालमध्ये हेच झालं, बाहेरच्या रिटायर लोकांना २००९ पासून टॅक्समध्ये भरपूर सूट, लोक आले, लिस्बनमध्ये घरं स्थानिक माणसाच्या आवाक्याबाहेर गेली, शेवटी सरकारनं २०२४ पासून नवीन लोकांसाठी ती स्कीम बंद केली.

आता ज्यांना हे सगळं लांबचं वाटतंय त्यांनी लातूरच्या बसस्टँडवर जावं. एसटीतून रिटायर झालेला कुठलाही कंडक्टर-ड्रायव्हर गाठा आणि विचारा पेन्शन किती. ईपीएस-९५ ची पेन्शन, म्हणजे पीएफ कापला जाणाऱ्या नोकरदारांची १९९५ ची योजना, तिला महागाई भत्ता नाही. पहिल्या महिन्यात जेवढी बसली तेवढीच. किमान पेन्शन २०१४ साली एक हजार रुपये केली ती आजही एक हजारच. साखर कारखान्यातली माणसं, सूतगिरणीतली माणसं, सगळी यातच. साडेसात हजार आणि भत्ता द्या म्हणून ही माणसं पार जंतरमंतरपर्यंत जाऊन बसली. माझ्या काउंटरला एक रिटायर ड्रायव्हर यायचे, पासबुक भरून घेतलं की दोन बोटांनी ओळ धरून आकडा बघायचे, दर महिन्याला, जणू यावेळी तरी बदलला असेल. त्यांनी गाव सोडलं नाही, परदेश तर लांबच. तरी त्यांची आणि त्या कॅनडातल्या ब्रिटिश म्हातारीची अवस्था एकच आहे, बाजार चालतोय आणि पेन्शन उभी आहे. म्हणून म्हणतो, मराठवाड्यातल्या माणसानं तरी यावर हसू नये, आपल्या इतकं हे कुणाला कळायला पाहिजे?

"मग या की परत", हे दुसरं एक वाक्य लोक सहज फेकतात. परत येणं चांगलंच आहे, माझं पण दादाला तेच सांगणं असतं. पण तिकडून हिशोब करताना लोक फक्त भाडं, दूध, डाळ आणि कामवाली बाई एवढंच धरतात आणि म्हणतात लातूर स्वस्त. अरे, उन्हाळ्यातला टँकर धरा, इन्व्हर्टर धरा. २०१६ ला आपल्याला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, विसरलात का? लातुरात दवाखाने भरपूर आणि चांगले आहेत, पण मोठं काही निघालं की सोलापूर, हैदराबाद नाहीतर पुणे, सोबत माणूस, राहणं-जेवणं, गाडी. साठीनंतर नवीन आरोग्य विमा काढायला जा, प्रीमियम बघून घाम फुटतो. सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा अठरा टक्के जीएसटी गेला हे बरंच झालं, पण मूळ प्रीमियमच एवढा आहे की काय सांगावं. म्हणून मी ओळखीच्या लोकांना सांगतो की तिकडं जाताना इथली पॉलिसी बंद करू नका, हप्ते भरत राहा, कारण सत्तरीत परत आलात तर नव्यानं सुरुवात होते आणि जुन्या आजाराला पुन्हा वेटिंग पिरियड लागतो.

आणि मुलांना पण एक सांगायचंय, रागावू नका. आईवडिलांना तिकडं नेताना "खर्चाचं मी बघतो" म्हणता, मनापासूनच म्हणता. पण त्यांच्या हातात दर महिन्याला न मागता ठराविक रक्कम द्या, तिथल्या डॉलरमध्ये, त्यांच्या नावाच्या खात्यात. तिकडची महागाई वाढली की ती पण वाढवा. तुमचा पगार तिकडच्या बाजाराप्रमाणं वाढतो, त्यांच्याकडं तशी वाढणारी एक सुद्धा गोष्ट नाही. पुतण्याला हे सांगितलं तर आधी त्याला वाईट वाटलं, "काका, मी कधी कमी केलंय का?" नाही केलं, मला माहितीये. पण मागून घेणं आणि हक्काचं असणं यात दादासारख्या माणसाला लई फरक पडतो. आता त्यानं खातं उघडून दिलंय.

दादा-वहिनी सध्या लातूरला आहेत, संक्रांतीनंतर परत जायचं ठरतंय. अडचण एकच, दिवाळीत वहिनीची बीपीची गोळी बदललीय, आणि यावेळी मी बदलू दिली, विमा गेला खड्ड्यात, तब्येत आधी. तर ज्यांचे आईवडील सुपर व्हिसावर आहेत त्यांनी कृपा करून सांगा, तुमच्या पॉलिसीत तो स्टेबलवाला क्लॉज किती दिवसांचा आहे, आणि गोळी बदलल्यावर क्लेम पास झाल्याचा कुणाला अनुभव आहे का. एजंट काय म्हणतो ते नको, कागदावर काय लिहिलंय ते पाहिजे.