सलाईनवरची गाडी

धाकट्या भावाची गाडी आमच्या दारात उभी असते. तो नोकरीला पुण्यात, गाडी बेळगावात, टिळकवाडीत. घेऊन जा म्हटलं की त्याचं उत्तर तयार: केए-२२ ची, म्हणजे कर्नाटकच्या नंबरची गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांच्या वर ठेवली की तिकडचा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी इथल्या आरटीओची एनओसी, मग तिकडचा टॅक्स, मग इथं भरलेल्या टॅक्सच्या परताव्यासाठी हेलपाटे. माणसांचा सीमाप्रश्न अजून लोंबकळतोय, तिथं गाडीचा कुठनं सुटणार? तेव्हा "दादा, जरा बघत जा" एवढं बोलून तो गणपती उरकले की निघून जातो.

उभी गाडी काही खात-पीत नाही असं लोक धरून चालतात. खोटं आहे ते. रिमोटचं बटण कोण कधी दाबेल म्हणून सेंट्रल लॉक जागं, अलार्म जागा, घड्याळ चालू, आतला कॉम्प्युटर एक डोळा उघडा ठेवून झोपलेला. सगळ्यांचं मिळून ३० मिलिअँपिअर धरा. हसण्यासारखा आकडा. खरं त्याला दिवसाच्या २४ तासांनी आणि महिन्याच्या ३० दिवसांनी गुणलं की २१-२२ अँपिअर-अवर होतात (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप), आणि छोट्या गाडीची बॅटरी मुळात ३५ च्या आसपासची. ज्येष्ठात उभी केलेली गाडी श्रावणात चावी फिरवल्यावर नुसतं 'टक्' म्हणते ती यामुळं. बरं, अशी अर्धीमुर्धी रिकामी बॅटरी पडून राहिली की शिशाच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट धरतं. ते एकदा मुरलं की कितीही चार्ज करा, बॅटरी पहिल्यासारखी होत नाही. मग नवी आणायची. पैसे दादानं द्यायचे आणि भावानं फोनवर "पाठवतो की" म्हणायचं.

यावर गल्लीत उपायांना तोटा नाही. शेजारचे काका उद्यमबागेत फाउंड्रीत होते, त्यामुळं लोखंडाच्या कुठल्याही वस्तूवर त्यांचा शब्द शेवटचा. "रोज पाच मिनिटं स्टार्ट करून ठेव, काय होत नाही." सेल्फ मारताना बॅटरीतनं शंभरावर अँपिअर ओढला जातो आणि जागेवर पाच मिनिटं घुरघुरून त्यातलं फारसं परत येत नाही, उलट सायलेन्सरमध्ये पाणी साठतं, हे काकांना सांगून पाहावं. मी पाहिलं. "मग दहा मिनिटं ठेव," म्हणाले.

मेकॅनिकचा उपाय त्यातल्या त्यात शहाणा होता: मायनसची वायर काढून ठेवा. खरं वायर काढली की म्युझिक सिस्टीम चार आकडी कोड मागते आणि तो कोड ज्या कागदावर आहे तो कागद पुण्यात नेमका कुठं आहे हे भावाला ठाऊक नाही.

शेवटी बॅटरी मेंटेनर मागवला. काळं डबडं, दोन वायरी, दोन चिमटे, एक दिवा. साधा चार्जर विसरलात तर बॅटरी उकळवून ठेवतो. हा १४.४ व्होल्टपर्यंत नेऊन भरतो, मग आपणच साडेतेराच्या आसपास खाली येऊन नुसती राखण करत बसतो. आईनं एका नजरेत निदान केलं, "म्हणजे सलाईन."

जोडणी पाच मिनिटांची आहे, माणसं नसतील तर. मी बॉनेट उघडलं आणि गेटवर काका उगवले. "काय करूलास रे?" त्यांच्या मागं पोराला क्लासला सोडून परतणाऱ्या वहिनी थांबल्या. त्यांच्या मागं समोरच्या घरात काम करणारा वायरमन. टर्मिनलवर पांढरा-हिरवा बुरा साचला होता. तो काढायला गरम पाणी आणि खाण्याचा सोडा लागतो. सोडा भज्यांसाठी राखीव होता, तेव्हा तिथंच पहिली वाटाघाट झाली. मग लाल चिमटा प्लसला, आणि काळा बॅटरीपासून लांब, इंजिनाच्या कोऱ्या लोखंडावर. "मायनस तिकडं आहे बघ!" तिघं एकदम ओरडले. चार्ज होताना बॅटरीतनं हायड्रोजन सुटतो, ठिणगी पडलीच तर त्याच्यापासून लांब पडावी म्हणून हे करतात. हायड्रोजन म्हटल्याबरोबर वहिनी स्कूटीवर बसून निघून गेल्या. काका मात्र बिडी विझवायला तयार नव्हते. वायरमननं सगळं नीट न्याहाळलं, "आगतद री", म्हणजे होतंय की, असं कन्नडमध्ये म्हणाला आणि मग मी बटण दाबलं. दिवा लाल लागला. काका म्हणाले, "लाल म्हणजे बिघडलं."

पुढचा छळ पावसाळ्याचा. वायर हॉलच्या खिडकीतनं येते, त्यामुळं खिडकी बोटभर उघडी. बेळगावचा पाऊस उभा पडत नाही, तो धुक्यासारखा आत शिरतो, आणि त्याच्यासोबत डास. ढग गडगडले की आई घरातली सगळी बटणं बंद करते, पहिलं बटण सलाईनचं. लाईट तर जातेच. काही मेंटेनर लाईट आल्यावर आपोआप सुरू होतात. आमच्याचं बटण पुन्हा दाबावं लागतं. रात्री अडीचला लाईट आली की बायको कुशीवर वळून "जा, तुमचा पेशंट" म्हणते आणि मी छत्री घेऊन पोर्चमध्ये जातो.

त्यात बॉनेटखालच्या उबेला उंदीर आले. वायर कुरतडायच्या आत काकांनी तातडीनं निपाणीहून तंबाखूची पानं मागवली आणि फडक्यात बांधून इंजिनाशेजारी ठेवली. तेव्हापासून गाडीला देवळामागच्या पानपट्टीचा वास येतो. मी मल्टिमीटर लावला की आकडा १३.५, काका वाकून फक्त तंबाखू ओली झाली का ते बघतात.

गणपतीच्या आदल्या दिवशी भाऊ आला. मी आधी बटण बंद केलं, काळा चिमटा काढला, मग लाल. त्यानं चावी फिरवली, पहिल्या फटक्यात गाडी सुरू. गल्लीत माणसं जमली. भाऊ म्हणाला, "बॅटरी चांगल्या कंपनीची घेतली होती मी." आईनं चाकाखाली लिंबू ठेवलं होतं, ती त्याच्याकडं बघत होती. काका फडकं हुंगत म्हणाले, "तंबाखूनं काम केलं बघ." मग जरा जवळ येऊन, आवाज खाली आणून, "ते डबडं आता रिकामंच आहे की. दोन दिवस दे, स्कूटर स्टार्ट होईना झालीय."