थायरॉईडचा थकवा आणि सप्लिमेंट्सची यादी

‘हायपोथायरॉईडिझममधला (थायरॉईड ग्रंथी मंदावण्याच्या आजारातला) थकवा म्हणजे पोषणाची कमतरता. आयोडीन, सेलेनियम, बायोटिन, लोह सुरू करा. थकवा जाईल आणि हळूहळू थायरॉईडची गोळीही सुटेल.’ अशा आशयाचे संदेश सतत फिरत असतात. ते पटतात, कारण टीएसएच (थायरॉईडचं काम जोखणारी रक्ततपासणी) नॉर्मल येऊनही काहींचा थकवा खरोखरच उरतो आणि ‘रिपोर्ट चांगला आहे’ म्हणून त्यांची बोळवण होते. या माणसांना नीट उत्तर मिळायला हवं. हा संदेश ते देत नाही.

आधी आयोडीन. आहारात ते कमी पडतं तिथे थायरॉईड मंदावतो, हे खरं. पण आयोडीन पुरेसं मिळतं तिथे मुख्य कारण असतं हाशिमोटो: शरीराची प्रतिकारयंत्रणाच ग्रंथीवर उलटते. प्रौढाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम. समुद्री शेवाळाच्या गोळ्यांमध्ये त्याच्या कित्येक पट आयोडीन असू शकतं. एवढा मारा झाला की ग्रंथी हार्मोन बनवणं काही काळ थांबवते. निरोगी ग्रंथी यातून सावरते. हाशिमोटोची सावरेलच असं नाही. म्हणजे औषध समजून घेतलेल्या गोळीनेच आजार वाढतो.

सेलेनियमने काही चाचण्यांमध्ये ग्रंथीविरुद्धच्या अँटिबॉडीज घटल्या, एवढं खरं. थकवा गेल्याचा भरवशाचा पुरावा मात्र नाही. आणि जास्त झालं तर केस गळतात, नखं तुटतात, थकवा येतो. ज्या तक्रारींसाठी घेतलं, त्याच.

माझा सर्वांत मोठा आक्षेप बायोटिनवर आहे, कारण ते रक्ताचा रिपोर्टच बिघडवतं. हे ब गटातलं जीवनसत्त्व दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम पुरतं. केसांसाठीच्या गोळ्यांमध्ये ५ ते १० मिलिग्रॅम असतं, म्हणजे शेकडो पट. थायरॉईडच्या अनेक तपासण्यांच्या पद्धतीतच बायोटिन वापरलेलं असतं, त्यामुळे रक्तात ते भरपूर असलं की टीएसएच खोटा कमी आणि टी-४ हे थायरॉईडचं हार्मोन खोटं जास्त दिसू शकतं. डॉक्टरांना वाटतं थायरॉईडच्या गोळीचा डोस जास्त होतोय. ते तो कमी करतात आणि आधीच थकलेला माणूस आणखी खचतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवा. डोस मोठा असेल तर किती दिवस, ते डॉक्टरांना विचारा.

लोहाबद्दल संदेशात अर्धं सत्य आहे, आणि ते मान्य करायला हवं. हायपोथायरॉईडिझममध्ये पाळीचा रक्तस्राव वाढू शकतो, त्यातून लोह घटतं. हाशिमोटोसोबत बी-१२ची कमतरताही आढळते. फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप) किंवा बी-१२ तपासणीत कमी आलं, तर ते भरून काढल्याने थकवा खरोखर कमी होऊ शकतो. पण तपासून. शिवाय लोह आणि कॅल्शियम लिव्होथायरॉक्सिनला (थायरॉईडच्या गोळीतल्या टी-४ला) आतड्यात बांधून ठेवतात, म्हणून दोन्हींमध्ये चार तासांचं अंतर लागतं. सकाळी थायरॉईडच्या गोळीबरोबरच मल्टिव्हिटॅमिन गिळणाऱ्यांचं मुख्य औषधच नीट शोषलं जात नाही. हे अंतर संदेशात कुठेच नसतं.

‘थायरॉईड सपोर्ट’ कॅप्सूलने चार दिवसांत तरतरी आली, असंही लोक सांगतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशी १० उत्पादनं तपासली, तर ९ मध्ये टी-३ हे थायरॉईडचंच हार्मोन सापडलं. ती तरतरी वनस्पतींची नसून न मोजलेल्या हार्मोनची असू शकते. हार्मोन जास्त झालं की हृदयाची धडधड वाढते, हाडं विरळ होतात.

गोळी सुटण्याचा दावा सर्वांत घातक. टी-४ शरीरात निम्मं व्हायला सुमारे सात दिवस घेतं, म्हणून गोळी सोडल्यावर सुरुवातीला काहीच बिघडलेलं जाणवत नाही आणि सप्लिमेंटला श्रेय मिळतं. घसरण नंतर कळते. गरोदरपणात तर हार्मोनची गरज पहिल्या काही आठवड्यांतच वाढते, आणि तेव्हा बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच हार्मोनवर अवलंबून असते.

डोस योग्य असूनही थकवा उरला, तर डॉक्टरांकडे हट्टाने विचारण्यासारख्या गोष्टी आहेत: हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, साखर, सीलिअॅक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा आतड्याचा आजार), झोपेत श्वास अडकणं, नैराश्य.