पी.टी.च्या बुटांचे सहा हजार

"पी.टी.च्या बुटांना सहा हजार?" डबा उघडल्यावर बाबांचं पहिलं वाक्य हेच. त्यांचंही चूक नाही. आमच्या पिढीपर्यंत कॅनव्हासचा बूट म्हणजे शनिवारी शाळेत घालायचा आणि शुक्रवारी रात्री ओला खडू फासून ओटल्यावर वाळत टाकायचा. हा त्याच जातीचा, फक्त घोट्याच्या वर चढलेला. दादाने तर निकालच दिला, "भिया, तुला कोणीतरी टोपी घातली."

चार वर्षं झाली. माझा काळा कॉन्व्हर्स चक 70 अजून पायात आहे, आणि काल इंदूरच्या सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाताना पुन्हा एकाने विचारलं, एवढं काय आहे त्यात? कीस गरम होता, नीट बोलता आलं नाही. म्हणून इथे लिहितो.

काय नाही ते आधी. आत बेताची गादी आहे, बाकी तळवा देवघरातल्या पाटासारखा सपाट. हा मुळात बास्केटबॉलचा बूट, 1917 साली निघालेला. त्याच्यावर ज्याची सही आहे तो चक टेलर खेळायचा खरा, पण नाव कमावलं ते विक्रेता म्हणून. गावोगाव हिंडून पोरांना बास्केटबॉल शिकवायचा आणि जाता जाता बूट विकायचा. आज रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सवर हे बूट घालून खेळणारं कोणी मला तरी दिसलं नाही. मी एकदा हौसेने गेलो होतो. एका बारा-तेरा वर्षांच्या मुलाने खाली बघून विचारलं, "अंकल, शूटिंग है क्या?" दहा मिनिटांनी माझीच उडी चुकली आणि घोटा मुरगळला. उंच बूट घोटा सांभाळतो यावरचा विश्वास त्या दिवशी संपला.

तरी आवडतो, कारण हा बूट काही लपवत नाही. कापड ते कापड, रबर ते रबर. शिवण बाहेरून, डोळ्यांसमोर. कडेने फिरवलेली रबराची पट्टी कुठे सुरू होते, पुढच्या टोपीवर कुठे चढते, सगळं बोटाने चाचपता येतं. पट्टी लावलेला अख्खा बूट भट्टीत घालतात आणि रबर पक्कं होऊन कापडाला धरून बसतं. हल्लीचे रनिंगचे बूट बघा. जाळी, फेस, प्लास्टिक, कुठून काय जोडलंय पत्ता लागत नाही.

आजोबांना हे न सांगता कळलं. त्यांचा जन्म मिलच्या साळखात्यात गेला. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी बूट हातात घेतला, आत दोन बोटं घातली, बाहेरून अंगठ्याने कापड चोळलं, खिडकीकडे धरून तिरपं बघितलं. "डक आहे, जाड कॅनव्हास. दाट विणलंय, वजनदार आहे." मग जरा थांबून, "एवढं चांगलं कापड आणि याचे बूट केले?" याच बुटाचा जो साधा प्रकार, ऑल स्टार, त्याच्यापेक्षा चक 70 चं कापड जाड असतं, हे मी इंटरनेटवर वाचून घेतलं होतं. त्यांनी अंगठ्याने वाचलं.

रबर पांढरंफेक नाही, सायीच्या रंगाचं आहे, आणि वर हलकी चकाकी. म्हणजे नवा असतानाच थोडा मुरलेला दिसतो. टाचेला काळी पट्टी. पण माझी आवडती गंमत म्हणजे घोट्यावरचा ताऱ्याचा गोल बिल्ला. तो पायाच्या आतल्या बाजूला आहे, बाहेरची बाजू कोरी! नाव दाखवायला एवढी जागा असताना दोन्ही तारे एकमेकांकडे तोंड करून. बाईकवर बसलं की दोघेही इंजिनकडे बघतात. हवेची दोन बारीक भोकंही त्याच बाजूला. हवा येते, पावसाळ्यात पाणीही.

आणि उंची. लो-टॉप म्हणजे मला बाह्या कापलेला शर्ट वाटतो. हाय-टॉपला मान असते. दाराशी काढून ठेवला तरी चपलांच्या ढिगात तो उभा असतो.

दाराशी काढणं, हीच खरी अडचण. आपल्या घरांसाठी हा बूट केलेलाच नाही. गणपतीत लोकमान्य नगरात एका संध्याकाळी सहा घरी आरतीला जायचं म्हणजे सहा वेळा नाड्या सोडा, सहा वेळा बांधा. बाकीचे चपला झटकून आत, मी जिन्यात एका पायावर. टाळ्यांचा आवाज येतो तेव्हा माझा डावा पाय अजून अडकलेला. आजी म्हणते, "तुझ्या नाड्या सुटेपर्यंत उत्तरपूजा व्हायची." एकाने इलॅस्टिकच्या नाड्या सुचवल्या. नको. मग चप्पलच घालावी की!

डाव्या बुटाची टोपी आता बाईकच्या गिअरने काळी पडली आहे. आईने ब्रशने घासली, टूथपेस्ट लावून बघितली, डाग गेला नाही. उजवा तसा बरा आहे. मधे बाबा म्हणाले, टाक आता, दुसरे घे. (सहा हजारांचं ते विसरले असावेत.)

आजोबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "टाकशील तेव्हा वरचं कापड कापून मला दे. अजून दहा वर्षं स्कूटर पुसेल."