बॅटरी बॅकअप आणि उघड्या राहिलेल्या दरवाजांविषयीच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

महोदय,

भोसरीतील आपल्या कार्यालयात आम्ही बसवलेल्या अ‍ॅक्सेस कंट्रोल, म्हणजे विजेच्या कुलपांनी प्रवेश नियंत्रित करणाऱ्या, यंत्रणेविषयी आपण एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय मी काळजीपूर्वक वाचला. गुरुवारी देखभालीसाठी दिवसभर वीज बंद असताना साडेतीन तासांत चारही दरवाजे उघडे पडले, मागचा दरवाजा तर त्याआधीच धक्क्याने उघडू लागला, सुरुवातीला सुचवलेली मोठी बॅटरी आणि मोठा पॉवर सप्लाय म्हणजे बिल वाढवण्याचा प्रकार होता आणि फायर पॅनेलपासून (आगीचा इशारा देणाऱ्या यंत्रणेच्या नियंत्रण पेटीपासून) ओढलेल्या वायरचे पैसे विनाकारण घेतले, असे आपले आक्षेप आहेत. संध्याकाळपर्यंत दारात माणूस बसवावा लागला, याचा आपल्याला झालेला त्रास मी समजू शकतो.

प्रथम तासांचा हिशेब. आपल्याकडील प्रत्येक ईएम लॉक (वीज असेपर्यंतच दरवाजा धरून ठेवणारे विद्युतचुंबकीय कुलूप) 12 व्होल्टवर सुमारे अर्धा अँपिअर घेतो आणि दरवाजा बंद असेपर्यंत अखंड घेत राहतो. चार लॉकचे 2 अँपिअर, कंट्रोलर (दरवाजे नियंत्रित करणारा सर्किट बोर्ड) आणि रीडर (दाराजवळचे ओळख तपासणारे उपकरण) मिळून आणखी पाऊण अँपिअर, म्हणजे एकूण भार पावणेतीन अँपिअर होतो. 7 अँपिअर-अवरच्या (म्हणजे 1 अँपिअर 7 तास देण्याइतक्या क्षमतेच्या) दोन एसएमएफ, म्हणजे पाणी घालावे न लागणाऱ्या सीलबंद, बॅटऱ्या मिळून 14 होतात आणि कागदावर पाच तास दिसतात. परंतु बॅटरीवर छापलेली क्षमता वीस तासांत हळूहळू वीज काढण्यासाठीची असते. इतक्या भाराला त्यातली साधारण 85 टक्केच हाती येते, त्यामुळे नव्या बॅटऱ्यांवरही सव्वाचार तासांच्या पुढे जाता येत नाही. त्यात आपल्या सूचनेप्रमाणे पॉवर सप्लायची पेटी पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर आहे. अशा बॅटरीचे आयुष्य 25 अंश तापमान धरून सांगितलेले असते आणि त्यावर दर आठ-दहा अंशांच्या वाढीला ते जवळपास निम्मे होते. दोन उन्हाळे तिथे काढलेल्या बॅटऱ्यांनी साडेतीन तास दिले, ते अपेक्षेप्रमाणेच आहे. आपण निवडलेला पर्याय तीन तासांचा होता आणि कोटेशनमध्ये तसे लिहिलेले आहे.

आठ तास हवे असतील तर 22 अँपिअर-अवर प्रत्यक्ष लागतात. वर सांगितलेली घट आणि पुढील वर्षांत होणारी झीज धरली की हा आकडा 32 च्या आसपास जातो आणि बाजारात त्यापुढचे सोयीचे माप 42 चे आहे. मोठ्या पॉवर सप्लायचे कारणही यातच आहे. वीज परतल्यावर त्याला लॉकचा भार वाहायचा असतो आणि त्याच वेळी रिकामी बॅटरी भरायची असते. सध्याच्या 5 अँपिअरच्या सप्लायमधून भार वजा जाता सव्वादोन अँपिअर उरतात, त्यावर 42 ची बॅटरी पूर्ण भरायला जवळजवळ एक दिवस आणि एक रात्र लागेल. शुक्रवारी पुन्हा वीज गेली तर अर्धी भरलेली बॅटरी काय देणार? म्हणून 10 अँपिअरचा सप्लाय सुचवला होता. इमारतीत जनरेटर असता तर आम्ही स्वतःच लहान बॅटरी पुरे म्हटले असते.

मागच्या दरवाजाचे कारण वेगळे आहे. तिथवरची 40 मीटर वायर आधीच्या कामातली, अर्ध्या चौरस मिलिमीटरची, आपण तशीच ठेवायला सांगितली. जाण्या-येण्याच्या या लांबीत सुमारे दीड व्होल्ट वाटेतच खर्च होतात. वीज असताना सप्लाय 13.8 व्होल्ट देतो, त्यामुळे फरक जाणवत नाही, बॅटरी 11.5 पर्यंत उतरली की त्या लॉकला जेमतेम 10 व्होल्ट मिळतात आणि पकड सुटू लागते. दीड चौरस मिलिमीटरची वायर घातल्यास ही घट अर्ध्या व्होल्टवर येईल.

आता सर्वांत महत्त्वाचे. ‘वीज गेली तरी दरवाजे बंदच राहिले पाहिजेत’ ही आपली अपेक्षा बाहेर पडण्याच्या वाटेवरील दरवाजांसाठी मी कधीही मान्य करणार नाही. राष्ट्रीय बांधकाम संहिता 2016 नुसार अशा वाटेवरचा दरवाजा आतल्या माणसाला किल्लीशिवाय उघडता आला पाहिजे, आणि वीज जाताच सुटणारा लॉक तिथे त्यासाठीच असतो. फायर पॅनेलची वायरही याच कारणासाठी आहे. पॅनेलने फक्त मुख्य वीज तोडली, तर बॅटरी आपले काम चोख करत राहील आणि धुराने भरलेल्या कार्यालयात दरवाजे घट्ट धरून ठेवील. बॅटरी जितकी मोठी, तितका हा धोका लांबतो. म्हणून आमची जोडणी बॅटरीनंतरच्या, लॉककडे जाणाऱ्या ओळीवर आहे, आणि दाराजवळचा हिरवा ब्रेक ग्लासही (आणीबाणीत दार सोडवण्यासाठी दाबायची पेटी) तीच ओळ थेट तोडतो. ही वायर वगळून काम करा, असे कोणी सांगितले तर ते काम आम्ही घेत नाही.

स्टोअरच्या आतल्या खोलीबाबत मात्र आपले म्हणणे रास्त आहे. तिथे वीज नसतानाही बंद राहणारा इलेक्ट्रिक स्ट्राइक (चौकटीत बसणारी विजेची खिटी) बसवता येईल. आतून साध्या हँडलने दार उघडेल आणि बाहेरून किल्ली चालेल. हा स्ट्राइक दार उघडतानाच वीज घेत असल्याने एकूण भार सव्वादोन अँपिअरवर येईल आणि सध्याच्या बॅटऱ्याही थोडा अधिक वेळ टिकतील. पेटी पोटमाळ्यावरून खाली घेण्यासाठी आम्ही मजुरी आकारणार नाही.

आपली तयारी असल्यास येत्या गुरुवारी वीज बंद असताना आमचे तंत्रज्ञ आपल्यासमोर दर तासाला बॅटरीवरचा आणि प्रत्येक लॉकवरचा व्होल्टेज मोजतील आणि 10.5 व्होल्टला चाचणी थांबवतील. ते आकडे पाहून कोणता दरवाजा किती तास बंद राहायला हवा, हे आपण ठरवावे. नवे कोटेशन त्यानुसारच देऊ.

आपला,
संचालक