सरळ रेषेत 45 किलोमीटर

सकाळी घरच्या ग्रुपवर चुलतभावाने स्क्रीनशॉट टाकला. चिपी ते मोपा, म्हणजे आमचं सिंधुदुर्गचं विमानतळ ते उत्तर गोव्यातलं, हवाई अंतर 45 किलोमीटर, विमानाने अंदाजे 10 मिनिटं. खाली डोंबिवलीहून शेरा : "एवढं जवळ मोपा असताना चिपी हवंच कशाला?" त्यावर तीन अंगठे. माझा चहा तसाच राहिला.

अरे बाबा, ही दहा मिनिटं कोणासाठी? चिपीहून मोप्याला विमानाने कोण जातो? नकाशावर पट्टी ठेवली, वेगाने भागलं, झाली मिनिटं! कोकणात पट्टीने मोजून कोण कुठे पोचलाय? भोगव्यातून देवबाग समोर दिसतं, मधे कर्ली नदीचं तोंड. गाडीने जाऊन बघ.

आवशीच्या, म्हणजे आईच्या, मोतीबिंदूच्या वेळचं सांगतो. शहात्तराव्या वर्षी पहिलं विमान. आमच्या घरून चिपी पंधरा मिनिटं. तिला खिडकीच हवी होती, कर्लीचं तोंड वरून बघायचं म्हणून. परुळ्याच्या अलीकडे मेसेज आला, विमान रद्द. तांत्रिक कारण. मग संध्याकाळचं मोप्याहून तिकीट. वेंगुर्ला, सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी करत दोन तास. तुझ्या 45 चे रस्त्याने 70-80 होतात, शहाण्या. आवशीला गाडी लागते. दोनदा थांबलो. मुठीत लिंबू धरून बसली होती. बांद्याला म्हणाली, "विमान आपल्या दारात, मगे आपण खंय चललंव?"

काय सांगणार?

मान्य, मोप्याहून विमानं जास्त, वेळा जास्त, कधी तिकीटही स्वस्त. ठीक. पण 9 ऑक्टोबर 2021 ला चिपीचं उद्घाटन झालं तेव्हा मंचावर श्रेयावरून टोलेबाजी चालली होती. आणलं कोणी, यावर भांडायला सगळे. रोज उडतंय का, हे विचारायला कोण? 2500 मीटरची धावपट्टी काय गुरं चारायला केली? मोपा जानेवारी 2023 ला सुरू झालं आणि आम्ही लगेच "आता मोपा आहे ना" म्हणायला लागलो. गोव्याचं विमानतळ गोव्याच्या सोयीने चालणार, त्यात त्यांचं काय चुकलं?

आणि त्या मिनिटांचं तर बोलूच नका. चिपी-मुंबई सरळ 350 किलोमीटरच्या आसपास. एटीआर, म्हणजे ते पंख्याचं छोटं विमान, ताशी 500 ने जातं धरलं तर पाऊण तासाच्या आत पोचायला हवं. वेळापत्रकात सव्वा तासाच्या वर असतं, कारण जमिनीवर रांगणं, चढणं, उतरणं, मुंबईवर घिरट्या घालणं हे सगळं त्यात धरलेलं. एवढा हिशेब कंपनीसुद्धा करते. ग्रुपवरच्या पट्टीवाल्यांना मात्र सुचत नाही. त्यात आवशीची दोन तास मुठीत धरलेली लिंबाची फोड धरा की!

बरं, जास्त बोललो. भावाने गंमत म्हणून टाकलं असेल. तो मे महिन्यात येतो, तेव्हा तोच आवशीला धरून पायऱ्या उतरवतो, ते विसरलो नाही मी.

पण त्या दिवशी रात्री मुंबईला उतरलो. दुपारची तपासणी हुकली, ऑपरेशन तीन आठवडे पुढे गेलं. खिडकी मिळाली होती तिला. बाहेर काळोख. तरी सगळा वेळ काचेला कपाळ लावून बसली.

आता दुसऱ्या डोळ्याची तारीख घ्यायची आहे. काल विचारलं, चिपीचं बघू? म्हणाली, "कोकणकन्येचा काढ. खालचा बर्थ."